फौजेची भाकर आणि जावयाचे धोंडे

जगात कुठंबी लढाई लागली की लोक विचारतात, कोण जिंकणार? मी विचारतो, ह्यांची भाकर कोण नेऊन राहिलं? माझं हे विचारणं आमच्या तांड्यात इतकं जुनं झालंय की रेडिओवर लढाईची बातमी लागली की मी तोंड उघडायच्या आधी दुसराच कोणीतरी म्हणतो, "थांबा रे, भाकरीचं राहिलं." हसू द्या. हसणाऱ्याला भाकर घरबसल्या भेटते.

माझी शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत बसलो होतो, पण मास्तरनं माझ्या बापाला बोलावून सांगितलं, ह्याला ढोरं राखायला पाठवा, ढोरं तरी सुधरतील. तेवढ्या शाळेत मराठी लिहायला आलं, म्हणून घरात आमी गोरमाटी बोलत असलो तरी हे मराठीत लिहितोय. लढाईचं ज्ञान मात्र शाळेतलं न्हाई, बापाकडून आलेलं आहे. आमी लमाण. आज कापूस-सोयाबीन पेरतो, पण आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर गोणी लादून मुलूखभर हिंडायचे. त्याला लदेणी म्हणायचे. मीठ, गहू, जोंधळे. राजे लढायचे अन् त्यांच्या फौजा आमच्या बैलांच्या जिवावर जेवायच्या. बाप सांगायचा, दोन फौजा आमनेसामने उभ्या असल्या तरी लमाणाच्या बैलाला कोणी हात लावत नव्हतं. आज ह्या छावणीत उतरलेला गहू उद्या त्या छावणीत उतरायचा. तलवारवाला मेला तर दुसरा भेटतो. गहूवाला रुसला तर दोन्हीकडचे उपाशी.

ह्यात खरं किती अन् बापानं पदरचं किती घातलं, मला ठाऊक न्हाई. बाप बोलायला लागला की एका बैलाचे शंभर व्हायचे. पण आमच्या घरात भिंतीवर एक दोन तोंडांची गोण टांगलेली आहे, जाड सुताची, काठाला कवड्या शिवलेल्या. बैलाच्या पाठीवर आडवी टाकली की एक पोट ह्या बाजूला, एक त्या बाजूला. ती आज्याची. ती पाहिली की बापाचं सगळंच खरं वाटतं.

इक्क्याण्णवला आखातात लढाई झाली तवा तांड्यात रेडिओ एकच होता, तांड्याचा पुढारी म्हणजे नायक, त्याच्या घरी. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "वाळूत पाणी कुठून आणतील? दोन महिन्यांत अमेरिका घरी जाते का न्हाई पाहा." दोन महिन्यांच्या आत लढाई बंद पडली. अमेरिका जिंकली होती. लोकांनी मला घेरलं. मी म्हणलो, "मी घरी जाईल म्हणलो होतो. हरून जाईल म्हणलो होतो का?" त्या लढाईत आमचं एवढंच झालं की रेशनचं रॉकेल मिळेना. लढाई त्यांची अन् कंदील आमचा विझला.

पुढं कारगिल झालं. त्या बातम्या मी हसत ऐकल्या न्हाईत. कोणाची तरी लेकरं त्या डोंगरावर चढत होती. पण मी तवाबी हेच म्हणलो, "वर बसलेल्यांची रसद कोणत्या वाटेनं येते ते पाहा, ती वाट तोडा." अन् जवा बातमीत सांगितलं की आपल्या फौजेचं सामान खेचरांवर अन् हमालांच्या पाठीवर वर चाललंय, तवा मी तांड्यातून असा हिंडलो जशी ती खेचरं माझ्याच गोठ्यातून गेली होती. त्याच वर्षी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. बायको म्हणायची, "तोबी तुमीच केला असंल."

कारगिलनं मी थोडा चढलो, हे आता कबूल करतो. तवा केलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी लेकीचं लग्न झालं. जावई झेडपीच्या शाळेवर मास्तर. सिद्धेश्वरच्या कालव्यापलीकडं दोन कोसांवर एक तांडा आहे, तिथं नोकरी, तिथंच दोघं राहायचे. माणूस सरळ, बोलणं गोड, पण शिकलेल्या माणसात एक खोड असते, समोरचा चुकला की त्याला तिथल्या तिथं दुरुस्त करतो. वर्गात ते शोभतं. सासऱ्याला कोणी दुरुस्त करत असतं का?

अन् लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला. तीन वर्षांनी एकदा येणारा महिना. गावाकडं रीत अशी की ह्या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, कपडे करायचे. ही रीत मुळात आमच्या तांड्याची न्हाई. गावातल्या बायकांचं पाहून आमच्या बायांनी उचलली. अन् उसनी आणलेली रीत माणूस स्वतःच्या रीतीपेक्षा कडक पाळतो. बायकोनं पोळ्यापासून तयारी लावली होती. शर्ट-पँटीचं कापड, लेकीला लुगडं, तांब्याचं ताट. ती दिवसातून चारदा म्हणायची, "पहिले धोंडे हायेत. हे हुकले तर तीन वर्सं लेकीनं शेजारणींना काय तोंड दाखवायचं?"

त्याच्या आधी पितरपाट्यात अमेरिकेतले ते दोन उंच मनोरे पाडल्याची बातमी आली होती. आमी नायकाच्या घरी टीव्हीवर पाहिलं. त्या दिवशी मी भाकरीचं विचारलं न्हाई. मेलेल्या माणसांची भाकर विचारायची नसते. मग तीन आठवडे नुसती कुजबुज, आता अमेरिका कोणावर जाणार. अन् अधिक महिना संपायला आठ-नऊ दिवस राहिले असताना अफगाणिस्तानावर विमानं गेली.

नेमकं त्याच आठवड्यात बायकोनं मला जवळा बाजारला पाठवलं. आठवडी बाजार होता, जावई तिथं येणार होते. काम एकच, धोंड्यांचं आवतण द्यायचं. सोबत मिठाचा पुडा आणायचा.

जावई हाटेलात भेटले. उठून पाया पडले, चहा सांगितला. सगळं बराबर चाललं होतं. पण टेबलावर पेपर पडला होता. मी एकेक अक्षर लावत वाचायला लागलो. त्यात लिहिलेलं, अमेरिकेची विमानं बॉम्बबी टाकून राहिलीत अन् लोकांसाठी खाण्याची पिवळी पाकिटंबी.

मी दोनदा वाचलं. वाटलं, मलाच वाचता येत न्हाई.

"गुरुजी, हे बराबर लिहिलंय का? भाकर बी तेच टाकतात अन् बॉम्ब बी तेच?"

"व्हय मामा. लढाई फौजेशी, गरिबांशी न्हाई. म्हणून खायला देऊन राहिले. चांगलीच गोष्ट हे."

"चांगली? खाली उभ्या माणसानं वरून काय येतं ते पाहून पळायचं का पदर पसरायचा?"

आजूबाजूचे चार जण हसले. मला चेव आला. मी आज्याची लदेणी काढली, दोन छावण्या काढल्या. म्हणलो, "भाकर नेणारा लढत नसतो, अन् लढणाऱ्यानं भाकर वाटायची नसते. गोण एक अन् आतमधी दोन माल, ह्याला व्यापार म्हणत न्हाईत."

जावई हसून म्हणाले, "मामा, तुमचं ते बैलाच्या काळातलं. आता रसद विमानानं जाते. बैलाला काय कळतं त्यातलं?"

त्यांनी बैलाला म्हणलं, मला न्हाई. हे मला आज कळतं. त्या दिवशी हाटेलातले लोक माझ्याकडं पाहून हसले अन् मला वाटलं, बैल मीच.

मी म्हणलो, "असं? मग औंदाचे धोंडे बी विमानातूनच पाडून घ्या."

जावयानं अर्धा चहा तसाच ठेवला, पिशवी उचलली, "येतो मामा," म्हणले अन् गेले. त्यांच्या कपातल्या चहावर साय धरेपर्यंत मी तिथंच बसलो होतो.

घरी आलो. बायको दारातच.

"दिलं का आवतण?"

"दिलं."

"कसं दिलं?"

बाजारातून आलेल्या दुसऱ्या माणसानं तिला कसं दिलं ते सांगितलं होतं. माझ्याआधीच आला होता तो. भाकर पोचायला बैल लागतो, बातमीला काहीच लागत न्हाई.

बायको भांडली न्हाई. ती भांडली असती तर मी जिंकलो असतो. तिनं ताट वाढलं. वरण तोंडात घातलं, मीठ न्हाई. भाजीत न्हाई. मी तिच्याकडं पाहिलं.

"मीठ?"

"तुमी आणायला गेलता ना बाजारात. आवतणासंगं तेबी तिथंच राहिलं असंल."

पुडा खरंच हाटेलात राहिला होता. पण घरात मिठाची बरणी भरलेली होती, हे मला ठाऊक होतं अन् तिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. लमाणाच्या घरात लमाणाचं मीठ तोडलं. अशी नाकाबंदी अमेरिकेनं बी केली नसंल. मी म्हणलो, "बरंय, अळणी तब्येतीला चांगलं." दोन दिवस अळणी जेवलो. तिसऱ्या दिवशी अळणी पिठलं आलं. पिठल्याचं अळणी काय असतं ते ज्यानं खाल्लं त्यालाच कळंल.

मधी जावयाचा निरोप आला. त्या तांड्याचा एक माणूस आमच्याकडं मळणी यंत्र सांगायला आला होता, त्याच्याजवळ. "मामा जे हाटेलात बोलले ते हाटेलातच माघारी घ्या म्हणावं. मग येतो."

मी म्हणलो, "सांग त्यांना, सासरा बोललेलं माघारी घेत नसतो."

तो माणूस डोकं खाजवत म्हणला, "काका, मी मळणी यंत्रासाठी आलतो. हे तुमी बसून मिटवा न."

जाता जाता त्यानं बायकोला लेकीचा निरोप दिला. तो माझ्यासाठी नव्हता, पण माझे कान शाबूत होते. लेकीनं सांगितलं होतं, "माझ्या बाला म्हणावं, लढाई तुमची दोघांची, मग भाकर माझी काहून बंद?"

मी उठून गोठ्यात गेलो. बैलांना काही काम नव्हतं, मलाबी नव्हतं. टीव्हीवर रोज अफगाणिस्तानातले डोंगर अन् ती पाकिटं दाखवत होते. तिकडं मोठमोठे लोक म्हणत होते, आधी हे कबूल करा, मग बोलू. इकडं मी तेच म्हणत होतो. फरक एवढाच की त्यांच्याजवळ विमानं होती.

अमावास्येला महिना संपत होता. आदल्या दिवशी सकाळी बायकोनं भिंतीवरची गोण खाली काढली. धूळ झटकली अन् माझ्या मांडीवर टाकली.

"एक सांगा. तुमचा आजा दोन्ही फौजांना गहू द्यायचा म्हणता."

"व्हय."

"कधी कोणत्या फौजेला म्हणला का, आधी माफी माग, मंग गहू उतरवतो?"

मी गोणीच्या काठाच्या कवड्या मोजत बसलो.

"न्हाई ना? मंग तुमी लमाण कशाचे?"

हे मी आदल्याच दिवशी गोठ्यात ठरवलं होतं, असं मी तिला म्हणलो. ती म्हणली, "व्हय व्हय," अन् चुलीकडं गेली. चुलीवर पुरण शिजत होतं. म्हणजे तिनंबी आदल्याच दिवशी ठरवलं होतं.

तिनं रीतीप्रमाणं तेहतीस धोंडे केले. मी म्हणलो, नेणार तर आज्यासारखंच नेणार, बैलाच्या पाठीवर. अंदाज घ्यायला गोणीच्या दोन्ही पोटांत आधी कडबा भरला अन् तांबड्या बैलावर टाकली. तांबड्यानं मान वळवून पाहिलं. त्यानं जन्मात जू ओढलं होतं, पाठीवर कधी काही घेतलं नव्हतं. एक क्षण तो उभा राहिला, मग मागचे दोन्ही पाय वर, गोण उकिरड्यावर अन् बैल सोयाबीनच्या रानात. मी लमाणाचा आहे, पण माझ्या बैलाला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

बायको दारात उभी राहून हसत होती. पाच दिवसांत पहिल्यांदा.

शेवटी गोण धुतली, वाळवली अन् माझ्याच खांद्यावर घेतली. पुढच्या पोटात धोंड्यांचा डबा अन् तुपाची बरणी, मागच्या पोटात कापड, लुगडं, ताट. कालव्याच्या वाटेनं निघालो. वाटेत ओळखीचे भेटले. "काका, कुठं?" म्हणले की मी म्हणायचो, "लदेणीवर." त्यांना वाटलं म्हातारं गेलं कामातून.

जावयाच्या तांड्यावर पोचलो तर शाळा सुटली होती. मी घरात गेलो न्हाई. तांड्याच्या तोंडाशी लिंबाखाली गोण उतरवली अन् बसलो. लदेणीवाला छावणीच्या बाहेर माल उतरवतो. कोणीतरी आत जाऊन सांगितलं. जावई आले, मागून लेक. लेक गोणीकडं पाहून राहिली, माझ्याकडं न्हाई.

जावयानं कालव्याच्या वाटेकडं पाहिलं. मग म्हणले, "मामा, विमान कुठं उतरवलं?"

"कालव्यापाशी. तेल संपलं."

त्यांच्या तोंडावर हसू आलं होतं, पण त्यांनी ते दाबलं. मास्तरांना सवय असते. "मग हाटेलातलं माघारी घ्यायला आलात?"

"तो माल माझ्याजवळ न्हाई. गोण उघडून पाहा. धोंडे हायेत, तूप हे, कापड हे. मी सासरा म्हणून आलोच न्हाई. माल पोचवायला आलोय. उतरवून घ्या अन् मला मोकळं करा."

जावयानं लेकीकडं पाहिलं. लेक म्हणली, "पण बा, धोंडे जावयानं सासुरवाडीत खायचे असतात. इथं खाल्ले तर धरत न्हाईत."

खरं सांगतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दोन कोस चालून माल चुकीच्या गावी आणला होता. बायकोच्या ध्यानात हे आलं नसंल? आजवर मी तिला विचारलेलं न्हाई.

जावई म्हणले, "मग काय करायचं?"

मी म्हणलो, "माझं काम माल पोचवायचं होतं. मी पोचवला."

ते खाली वाकले, गोण उचलली अन् स्वतःच्या खांद्यावर टाकली. टाकली ती उलटी, धोंडे पाठीमागं. मी सरळ करून दिली. "खायचं सामान डोळ्यासमोर ठेवायचं असतं, गुरुजी." तेवढं एक मी त्यांना दुरुस्त केलं.

"सायकल काढू का?" ते म्हणले.

"लदेणी पायी चालते."

लेक आत गेली अन् लगेच बाहेर आली, हातात बांधलेलं गाठोडं. इतक्या लवकर गाठोडं बांधून होत न्हाई.

आमी तिघं कालव्याच्या काठानं निघालो. माफी कोणी मागितली न्हाई, आवतण कोणी दिलं न्हाई. जावई माझा माल परत न्यायला मदत करत होते, एवढंच. थोडं पुढं गेल्यावर मी म्हणलो, "तरीबी सांगतो, गोण एक अन् माल दोन, हे बराबर न्हाई."

"मामा, लोक उपाशी हायेत तिथं. मग टाकूच नये का?"

"टाकावं. पण दुसऱ्यानं. ज्याच्या हातात बॉम्ब न्हाई त्यानं."

ते चालत राहिले. मग म्हणले, "तिथंबी तांडे हिंडतात, मामा. उंट अन् मेंढ्या घेऊन. ह्या डोंगरातून त्या डोंगरात माल नेतात."

मी थांबलो. "लमाण?"

"आपल्यासारखेच. नाव वेगळं."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रेडिओनं न्हाई, टीव्हीनं न्हाई. मी सगळ्या लढायांत फौजेची भाकर विचारत आलो, अन् त्या डोंगरात माझ्याच धंद्याची माणसं आपले उंट कोणत्या दरीत लपवायचे ते पाहत होती. त्यांच्या बैलाला, म्हणजे उंटाला, हात न लावायची रीत तिथं आहे का, असं मी विचारलं. जावई म्हणले, माहीत न्हाई. शिकलेला माणूस माहीत न्हाई म्हणला की मला तो आवडतो. कालव्याचं पाणी चाललं होतं. लेक मागून म्हणली, "लढाई संपली का दोघांची?" जावई म्हणले, "न्हाई, पाणी प्यायला थांबलोत."

घरी पोचेपर्यंत दिवस कलला होता. बायकोनं दारात दोघांवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. मग गोणीकडं पाहून मला म्हणली, "माल परत आणला?"

"गिऱ्हाईकच घेऊन आलो."

जावयाला पाटावर बसवलं, समोर तांब्याचं ताट. चार कोस फिरून आलेले धोंडे थोडे चेपले होते, पण तूप झाकतं सगळं. जावयानं पहिला धोंडा खाल्ला अन् सासूकडं पाहून मान हलवली. लेकीनं मला न दिसंल असा पदर डोळ्याला लावला. मला दिसला.

पुढं इराकवर लढाई झाली तवा आमचं परत वाजलं. पण ते वाजणं बसून, चहा पूर्ण पिऊन. अन् तीन वर्षांनी अधिक महिना आला तवा आवतण द्यायला बायको स्वतः गेली.

जावई पहिले धोंडे जेवले त्या संध्याकाळी माझंबी ताट वाढलं. मी वरण-भात कालवला अन् घास घेतला. मीठ होतं. जरा जास्तच होतं. मी ताट पुसून जेवलो.